हा हिवताप इथला की बाहेरचा? एका रुग्णाच्या तपासाच्या आठ पायऱ्या

तालुक्यात वर्षाला हिवतापाचे दोन-चारच रुग्ण निघत असतील, तर त्यातल्या प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न महत्त्वाचा असतो: याला डास चावला कुठे? आणि नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा चुकते. रुग्ण चिरेखाणीवरचा मजूर असतो, आधार कार्डावर पत्ता झारखंडचा किंवा ओडिशाचा असतो, अर्ज भरणारा रकान्यात 'बाहेरून आलेला' लिहितो आणि फाइल मिटते. महिना-दीड महिन्याने शेजारच्या वाडीतल्या शाळकरी मुलाला थंडी वाजून ताप येतो. हा मुलगा कधी तालुक्याबाहेर गेलेला नसतो.

हा लेख आरोग्य सेवक, सेविका, आशा ताई आणि तालुक्याच्या पातळीवर तपास करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे कोकण आणि गोव्यातली घेतली आहेत. तिथे खाणी, बांधकामे, आंबा बागा आणि मच्छीमार बोटी यांमुळे माणसांची ये-जा सतत चालू असते, हिवताप मात्र कमी आहे. औषधांच्या मात्रा नेहमीच्या राष्ट्रीय पद्धतीच्या दिल्या आहेत. तुमच्या जिल्ह्याचे ताजे परिपत्रक वेगळे सांगत असेल तर त्याप्रमाणे करा.

वेळेचा हिशेब चीनने वापरलेल्या १-३-७ पद्धतीवर बसवा. म्हणजे एका दिवसात कळवणे, तीन दिवसांत रुग्णाचा तपास आणि सात दिवसांत परिसरातली कारवाई. चीनला २०२१ मध्ये हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले ते हे वेळापत्रक पाळून.

तयारी: रुग्ण निघण्याआधी, मे महिन्यात

तपास फसतो तो बहुतेक वेळा पहिल्या दिवशी, कारण हाताशी काहीच नसते. पावसाआधी एवढे जमवून ठेवा.

गावाचा हाताने काढलेला नकाशा. त्यावर वाड्या, विहिरी, व्हाळ (ओढे), बंद पडलेल्या चिरेखाणी, बांधकामे, मजुरांच्या झोपड्या आणि गुरांचे गोठे दाखवा. मोबाइलवरचा नकाशा चालेल, पण त्यात बंद खाणीतले साचलेले पाणी दिसेलच असे नाही.

मुकादम, ठेकेदार, बागायतदार आणि बोटमालक यांचे फोन नंबर. कामगारांची यादी त्यांच्याकडे असते, ग्रामपंचायतीकडे नसते.

रॅपिड किट (थेंबभर रक्तावर झटपट निदान करणारे), रक्ताचा नमुना घ्यायच्या काचा, लॅन्सेट, आणि क्लोरोक्विन, एसीटी (आर्टेमिसिनिनसोबत दुसरे औषध असलेली जोडगोळी), प्रायमाक्विन या गोळ्या. किटची मुदत बघा आणि ते ठेवलेत कुठे तेही बघा. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात एप्रिल-मे काढलेल्या किटवर भरवसा ठेवू नका.

शेवटचे म्हणजे सण-वार दाखवणारी भिंतीवरची दिनदर्शिका, मागच्या वर्षाची आणि चालू वर्षाची. तिचा उपयोग तिसऱ्या पायरीत कळेल. माझ्या मते सगळ्या पिशवीत सर्वांत कामाची वस्तू हीच.

पायरी १: औषधाआधी काच

रॅपिड किट पॉझिटिव्ह आले की लगेच गोळी द्यायचा मोह होतो. आधी रक्ताची काच घ्या, जाड आणि पातळ दोन्ही थेंबांची. जाड थेंबात परजीवी आहे की नाही हे कळते आणि पातळ थेंबात त्याची जात (आपल्याकडे मुख्यतः फाल्सिपेरम किंवा विव्हॅक्स) नीट ओळखता येते. जाड थेंब मिथेनॉलने पक्का करायचा नसतो. ही चूक घाईत अजूनही होते आणि काच वाया जाते.

काच आणखी एका कारणासाठी लागते. फाल्सिपेरमसाठीचे किट ज्या प्रथिनाला ओळखते, ते परजीवी मेल्यानंतरही काही आठवडे रक्तात राहते. रुग्णाने महिन्यापूर्वी गावाकडे औषध घेतले असेल तर किट आजही पॉझिटिव्ह दाखवू शकते. हा आजार आजचा की मागचा, हे काच सांगते.

तंत्रज्ञाला एक प्रश्न आवर्जून विचारा: गॅमेटोसाइट दिसले का? डासात जाणारी ही रूपे फाल्सिपेरममध्ये उशिरा, साधारण दहा-बारा दिवसांनी रक्तात येतात. ती दिसली तर रुग्णाच्या अंगात परजीवी बरेच दिवस आहे आणि तो इथल्या डासांना लागण देऊ शकत होता. विव्हॅक्समध्ये ती लवकरच, कधी ताप येण्याच्या सुमारासच असतात.

*तपासून पाहा:* काचेवर नाव, तारीख आणि क्रमांक आहे का? ही काच फेरतपासणीसाठी जपून ठेवायची आहे.

पायरी २: औषध सुरू करा आणि त्याच दिवशी कळवा

विव्हॅक्सला क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस. फाल्सिपेरमला राज्याने ठरवलेली एसीटी तीन दिवस आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनची एकच मात्रा.

विव्हॅक्सचे १४ दिवस हाच कच्चा दुवा. चौथ्या दिवशी माणूस कामाला लागतो आणि गोळ्या उशाखाली राहतात. यकृतात दडलेला विव्हॅक्स मग दोन महिन्यांनी किंवा आठ महिन्यांनीही पुन्हा डोके काढतो, आणि तुमच्या वहीत तो 'नवा रुग्ण' होतो. गोळ्या रोज समोर गिळायला लावा. आशा ताईंना जमत नसेल तर मुकादमाला सांगा आणि रिकामी पट्टी परत मागा.

*सावधान:* गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन द्यायचे नाही. कुणाची लघवी काळपट-लाल झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे पाठवा.

कळवण्यासाठी महिनाअखेरच्या अहवालाची वाट पाहू नका. खासगी दवाखान्यात निदान झालेल्या रुग्णाची माहितीही त्याच दिवशी मिळायला हवी. तालुक्यातल्या प्रत्येक लॅबशी महिन्यातून एकदा बोलणे ठेवले तर ती मिळते.

पायरी ३: तारखा काढा

सगळा तपास या पायरीवर उभा आहे, म्हणून इथे घाई नको.

डास चावल्यापासून ताप येईपर्यंत फाल्सिपेरममध्ये साधारण ९ ते १४ दिवस जातात, विव्हॅक्समध्ये १२ ते १७. सहसा आठवड्याच्या आत ताप येत नाही. म्हणून ताप सुरू झाला त्या दिवसापासून मागे मोजा आणि ७ व्या दिवसापासून ३० व्या दिवसापर्यंतचा काळ दिनदर्शिकेवर खुणा करून वेगळा काढा. याला आपण 'चाव्याचा काळ' म्हणू.

पहिली चूक इथेच होते. ताप सुरू झाल्याची तारीख न घेता तपासणीची तारीख घेतली जाते. या दोन्हींत चार-पाच दिवसांचे अंतर सहज असते आणि तेवढ्याने पुढचा सगळा हिशेब सरकतो. 'चार दिवसांपूर्वी' हे उत्तर लिहू नका, तारीख काढा. 'त्या दिवशी बाजार होता का?', 'पगार झाला होता?', 'एकादशीच्या आधी की नंतर?' असे विचारले की माणसाला आठवते.

दुसरी चूक म्हणजे 'कुठून आलात?' हा प्रश्न. याला माणूस आपले मूळ गाव सांगतो. विचारायचे ते असे: 'या रात्री कुठे झोपला होतात?' अ‍ॅनॉफेलिस (हिवताप पसरवणारा) डास संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो, त्यामुळे दिवसाचा प्रवास दुय्यम असतो. चाव्याच्या काळातल्या प्रत्येक रात्रीपुढे जागा लिहा: खाणीवरची झोपडी, बोटीवर, रेल्वेत, मेव्हण्याकडे. आंबा बागेत राखणीला असलेले नेपाळी कामगार बागेतच उघड्यावर झोपतात, ट्रॉलरवरचे खलाशी कधी बोटीवर तर कधी जेटीवर. मच्छरदाणी होती का, तेही लिहा.

आठवणीवर सगळे सोडू नका. रेल्वेचे तिकीट, मोबाइलमधल्या फोटोंच्या तारखा, पैसे पाठवल्याचे मेसेज आणि मुकादमाची हजेरी वही, या चारांतून येण्याची तारीख पक्की होते. हजेरी वहीवर माझा सर्वांत जास्त विश्वास आहे. तिथे पैशाचा व्यवहार असतो, त्यामुळे तारीख चुकत नाही.

*सावधान:* मुकादमासमोर मुलाखत घेऊ नका. आजारी म्हणून कामावरून काढतील या भीतीने मजूर ताप कालच आला असे सांगतो. भाषेची अडचण असेल तर त्याच्याबरोबरचा कुणी घ्या, ठेकेदाराचा माणूस नको.

पायरी ४: वर्गवारी, ठरलेल्या क्रमाने

प्रश्न याच क्रमाने विचारा. क्रम बदलला की उत्तर बदलते.

१. गेल्या काही महिन्यांत रक्त चढवले होते का? तसे असेल आणि चाव्याचा दुसरा काही मेळ बसत नसेल, तर रक्तातून झालेली लागण तपासा. असे रुग्ण क्वचितच निघतात.

२. याआधी हिवताप झाला होता का, कधी, आणि गोळ्या पूर्ण घेतल्या का? विव्हॅक्स असेल तर मागची दोन-तीन वर्षे विचारा. हा उलटलेला ताप असू शकतो. फाल्सिपेरमचा रुग्ण महिन्याच्या आत परत आला तर उपचार अपुरा पडला असेल.

३. चाव्याच्या काळातल्या सगळ्या रात्री कुठे गेल्या? सगळ्या बाहेरच्या हिवतापाच्या भागात गेल्या असतील तर 'इम्पोर्टेड', म्हणजे बाहेरून आलेला. सगळ्या इथेच गेल्या असतील तर लागण इथली, मग आधार कार्डावर काहीही असो.

४. लागण इथली ठरली तर पुढचा प्रश्न: जवळपास आधी आलेला एखादा इम्पोर्टेड रुग्ण आहे का, आणि दोघांच्या तारखा जुळतात का? जुळत असतील तर 'इंट्रोड्युस्ड', म्हणजे बाहेरच्या रुग्णाकडून इथल्या डासामार्फत झालेली पहिली लागण. दुवा सापडत नसेल, किंवा लागण दुसऱ्या पिढीत (इथे लागण झालेल्याकडून पुढच्याला) गेली असेल, तर 'इंडिजिनस', म्हणजे निखळ स्थानिक.

तारखा जुळतात म्हणजे काय, ते एका कल्पित उदाहरणावर पाहू. समजा, एक मजूर २ जूनला खाणीवर आला, ९ जूनला त्याला ताप आला, काचेत विव्हॅक्स निघाला. चाव्याचा काळ जवळजवळ सगळा बाहेर गेला, म्हणून इम्पोर्टेड. आता वाडीतल्या एका मुलाला १२ जुलैला ताप आला. मजुराला चावलेल्या डासात परजीवी तयार व्हायला आपल्याकडच्या उबेत आठ-दहा दिवस लागतात, पुढे मुलाच्या अंगात बारा-पंधरा. म्हणजे जूनच्या शेवटी किंवा जुलैमध्ये दिसणारा ताप या मजुराकडून आलेला असू शकतो. १२ जुलै त्यात बसते.

पण तोच मुलगा १४ जूनला तापला असता तर? मजूर येऊन जेमतेम बारा दिवस झाले. डास आणि मुलगा या दोघांच्या अंगातला वेळ एवढ्यात बसत नाही. म्हणजे मजूर यात निर्दोष, आणि वाडीत कुणीतरी तिसरा आहे जो तुमच्या वहीत नाही. अशा वेळी मजुराच्या नावावर मुलाचा ताप घालून मोकळे होणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

विव्हॅक्सची एक अडचण मात्र कायम राहते. पाच महिन्यांपासून इथे असलेल्या मजुराला विव्हॅक्स निघाला, तर तो गावाकडून यकृतात आणलेलाही असू शकतो. फाल्सिपेरमला असे दडून बसणारे रूप नसते, त्यामुळे तिथे इथल्या लागणीचा संशय बळावतो. पण जास्त हिवतापाच्या भागातला माणूस फाल्सिपेरमही रक्तात थोड्या प्रमाणात, तापाशिवाय, महिनोन्‌महिने बाळगू शकतो. अशा रुग्णाबाबत तारखांवर निकाल लागत नाही. पुढच्या दोन पायऱ्या, म्हणजे शेजाऱ्यांचे रक्त आणि परिसरातले डास, काय सांगतात ते बघून मग वर्गवारी लिहा. तोवर कारवाई मात्र 'इथला' समजूनच करा.

गणपतीनंतरचे रुग्ण वेगळ्या नजरेने बघा. चाकरमानी मुंबईहून येतात, आणि मुंबईत पावसाळ्यात हिवताप असतोच. पाहुणा पाच-सात दिवस राहून परत जातो. महिन्याने गावातल्या म्हातारीला ताप येतो आणि लागण देणारा तेव्हा डोंबिवलीत असतो. म्हणून 'तुम्ही कुठे गेला होतात?' याबरोबर 'तुमच्याकडे कोण येऊन गेले?' हेही विचारा.

हा रकाना एवढा जपायचा कारण देशाचे २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणण्याचे लक्ष्य आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र सलग तीन वर्षे स्थानिक लागण शून्य असल्याशिवाय मिळत नाही. श्रीलंकेला ते २०१६ मध्ये मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे मोनेरागला जिल्ह्यात भारतातून आलेल्या कामगाराचा विव्हॅक्स एका स्थानिक माणसापर्यंत पोहोचला. त्यांनी तो 'इंट्रोड्युस्ड' म्हणून उघड नोंदवला आणि साखळी तिथेच तोडली. रकान्यात 'बाहेरचा' लिहिणे त्यांनाही सोपे होते.

पायरी ५: रक्त कुणाकुणाचे घ्यायचे

फक्त ताप असलेल्यांचे घेतले तर निम्मे काम होते. क्रम असा ठेवा: आधी रुग्णाबरोबर प्रवास करून आलेले सगळे, मग त्याच्या झोपडीतले आणि घरातले, मग शेजार. ताप असो वा नसो. किती घरांपर्यंत जायचे हे जिल्ह्याच्या आराखड्यात असते. ते नसेल तर डासाच्या उडण्याचा विचार करून वाडी पूर्ण करा.

मजूर दिवसा सापडत नाहीत. रात्री आठनंतर जा, किंवा सकाळी कामाला निघण्याआधी. खलाशांसाठी बोट परत येण्याची वेळ विचारून ठेवा. दुपारी जाऊन 'घर बंद' अशी नोंद केली तर ती नोंदच राहते, रक्त मिळत नाही.

एकच फेरी पुरत नाही. ज्याच्या अंगात परजीवी आज यकृतात आहे, त्याची काच आज निगेटिव्हच येणार. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी घ्या.

पायरी ६: डास शोधा, नुसते पाणी नव्हे

पाण्यात अळ्या दिसल्या की सगळ्यांना समाधान वाटते. पण अळ्या कुणाच्या? अ‍ॅनॉफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. क्युलेक्स आणि एडिस यांच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लटकतात. गटारातल्या क्युलेक्सवर औषध मारून हिवतापाला काहीही होत नाही.

तीन डास लक्षात ठेवा. स्टीफेन्सी शहरी आणि बांधकामाचा आहे. तो विहिरी, उघड्या टाक्या आणि स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात होतो. फ्लुविएटिलिस डोंगराळ भागात, व्हाळाच्या संथ वाहत्या स्वच्छ पाण्यात काठच्या गवतापाशी सापडतो. क्युलिसिफेसीस शेतातले पाणी, पाट आणि खड्डे यांत वाढतो आणि प्रौढ डास गोठ्यात दबा धरून असतो. बंद चिरेखाणीतल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातही जरूर बघा, काठाकाठाने, मधोमध नव्हे.

प्रौढ डास पकडायला पहाटेनंतर लगेच घरात आणि गोठ्यात जा. कीटक समाहरक (डास गोळा करणारा आरोग्य कर्मचारी) सोबत असेल तर उत्तम.

*तपासून पाहा:* हिवताप पसरवणारा डास परिसरात मिळालाच नाही, तर रुग्ण 'इथला' ठरवण्याआधी तारखा पुन्हा बघा. एका दिवसाच्या शोधात डास नाही मिळाला म्हणजे तो नाहीच, असेही धरू नका.

पायरी ७: सात दिवसांच्या आत कारवाई

धुराची गाडी फिरवली की गाव खूश होते, फोटोही छान येतो. पण धूर विरला की परिणाम संपतो. खरे काम घरातल्या भिंतींवर फवारणी, मच्छरदाण्या आणि अळीनाशक यांचे आहे.

फवारणी करायची तर झोपायच्या खोल्या पूर्ण करा. देवघर वगळा म्हणतील, तेवढे वगळा, बाकीचे सोडू नका. कोकणात एक घोळ दरवर्षी होतो: गणपतीआधी घर रंगवतात, सारवतात, आणि भिंतीवरचे औषध त्याखाली गाडले जाते. फवारणीची तारीख ठरवताना हे धरा, किंवा रंगकाम झाल्यावरच फवारा. ताडपत्रीच्या झोपड्यांना फवारायला भिंत नसते, तिथे औषधी मच्छरदाण्या द्या.

अळीनाशक आठवड्यातून एकदा, न चुकता. अळीचा डास व्हायला पावसाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे पंधरवड्याने टाकलेले औषध नवीन डासांच्या मागून पोहोचते. गप्पी मासे विहिरीत आणि हौदात सोडा. व्हाळात सोडू नका, तिथल्या देशी माशांना ते त्रासाचे ठरतात.

पायरी ८: फाइल मिटवण्याआधी

२८ व्या दिवशी रुग्णाची काच पुन्हा घ्या. विव्हॅक्स असेल तर वर्षभर त्याच्या प्रत्येक तापात काच. मजूर मधेच गावी गेला तर ज्या जिल्ह्यात गेला तिथे कळवा, गोळ्यांचा किती दिवसांचा भाग उरला आहे तेही सांगा.

लागण इथली ठरली तर वाडीची नोंद 'सक्रिय' म्हणून करा. पुढची तीन वर्षे तिथल्या प्रत्येक तापाची काच घ्यायची. या काळात एकही स्थानिक रुग्ण निघाला नाही तरच ती वाडी यादीतून 'मुक्त' होते. पहिल्या शांत पावसाळ्यानंतर नाव खोडायची घाई होते, ती टाळा.

आणि वर्गवारीच्या रकान्याखाली एक ओळ स्वतःच्या अक्षरात लिहा, कारणासकट. 'मजूर, म्हणून बाहेरचा' असे नको. 'ताप ९ जून. चाव्याचा काळ १० मे ते २ जून. १ जूनपर्यंत मूळ गावी, तिकीट पाहिले. सोबतच्या सहा जणांच्या काचा निगेटिव्ह. दुसरी फेरी २८ जूनला.' वरचा अधिकारी बदलला, तुमची बदली झाली, तरी पुढच्याला या पाच वाक्यांवरून तपास जिथे थांबला तिथून उचलता येतो.